वेल्ह्यातली लढाईची सायकल

आमच्या घरात जुन्या सायकली चार आहेत आणि दळण आणायला मात्र स्कूटर लागते. सायकल चालवायची नसते, ओळखायची असते, असं माझ्या नवऱ्याचं, म्हणजे सुहासचं, मत आहे. सायकल उलटी करून तो तिचा कारखाना आणि काळ सांगतो. त्यामुळे भोरच्या इब्राहिमचाचांचा फोन आला, "वेल्ह्याच्या वर एका वस्तीवर लढाईतली सायकल हाय म्हणत्यात, बघून जावा," तेव्हाच माझा शनिवारचा पडदे धुण्याचा बेत बारगळला.

चाचांचं भोरच्या बाजारात सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. सुहास त्यांच्याकडून सुटे भाग नेतो, म्हणून ओळख.

सकाळी लवकर पुण्याहून निघालो. तुम्हीही लवकरच निघा, कारण शनिवारी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गडावर जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. नसरापूर फाट्यावर मिसळ खाल्ली. झणझणीत होती, आणि दोघांचं बिल पुण्यातल्या एका कॉफीएवढं. कापूरहोळवरून आत वळून भोर गाठलं, चाचांना गाडीत घेतलं आणि पुन्हा मागे फिरलो.

चाचांनी गाडीत बसल्या बसल्या सुरुवात केली. "सायकल माझ्या दोस्ताची, मारुतीची. त्याचा बाप मोठ्या लढाईत होता. परत आल्यावर सांगायचा, आमी लढाईत सायकल चालवली. आता बोला! लढाईत रणगाडे असत्यात, इमानं असत्यात. सायकलवर काय पाव इकत होता? गावानं नावच ठिवलं, सायकल पलटण. म्हातारा जाऊन लई वर्सं झाली, पण मारुतीला अजून त्याच नावानं हाक मारत्यात. मी बी मारतो. आज सायेब बघतील आन एकदाचं मिटवतील."

"चाचा, सायकली गेल्या होत्या लढाईत," सुहास म्हणाला. "पेट्रोल लागत नाही, आवाज होत नाही. टेलिफोनची तार तुटली की निरोप घेऊन सायकलस्वारच पळायचे. मलायात तर जपानी सैनिक सायकलींवरून आले. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवायचे."

"बिनटायरची?" चाचा हबकले. "मग रिमचं वाटोळंच की वो!" माणसांचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही.

"पण मारुतीतात्यांचे वडील त्यांत होते का, ते सायकल पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार," सुहास म्हणाला. तो याबाबतीत फार कडक आहे.

नसरापूरहून आंबवणे, मार्गासनी करत रस्ता वेल्ह्याला जातो. दोन्ही बाजूंना भातकापणी चालली होती आणि समोर तोरणा. रस्ता ठीक आहे, वळणांवर एसटीला वाट द्या म्हणजे झालं. पाणी वेल्ह्याच्या बाजारातच भरून घ्या, वर दुकान नाही. शेवटचा चढ आम्ही पायीच चढलो.

अंगणात पोत्यावर सायकल उभी होती, रॉकेलनं पुसून लख्ख केलेली. शेजारी मारुतीतात्या, धुतलेली टोपी घालून. मागे शेळ्या.

"बगा सायेब," तात्या म्हणाले. "आन जे आसंल त्ये सांगा. माझा बाप खोटं बोलला का न्हाई, येवढंच."

सुहासनं सायकल उलटी केली. लष्करी मालावर असते ती सरकारी बाणाची खूण शोधली, कंपनीचा पुढचा बिल्ला नखानं खरवडला. मला त्याचा चेहरा वाचता येतो. मनात म्हटलं, बाबा रे, आज एकदा खोटं बोल.

"तात्या, ही लढाईत नव्हती," तो हळूच म्हणाला. "ही स्वातंत्र्यानंतर बनलेली आहे."

चाचासुद्धा हसले नाहीत.

"त्ये मला ठावं हाय की," तात्या म्हणाले. "ही बाबांनी मागनं भोरातनं घेतली. लढाईतली सरकारनंच ठिवून घेतली, ती कोन घरी आनू दील?"

"मग हीच का दाखवलीत?" मला राहवलं नाही.

"ताई, दुसरं काय हाय माझ्यापाशी दाखवायला?"

तात्यांनी सायकल सुलटी केली आणि सवयीनं हातातली काठी तिच्या सांगाड्यात अडकवली. खाली लोखंडाची एक वाटी, वर दांडीला एक चाप. काठी खट्कन बसली.

"हे काय आहे?" सुहास खालीच बसला.

"बिनकामाचं लोखंड," चाचा म्हणाले. "दर खेपेला म्हणतो कापून टाकू, तर बापानं लावलंय म्हणून हात लावू देत न्हाई."

"चाचा, लष्करी सायकलीला असंच असायचं. वाटीत बंदुकीचा दस्ता, चापात नळी. पण हे कारखान्यातलं नाही, हातानं ठोकलेलं आहे. कुणी केलं?"

चाचांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. "हे आमच्या अब्बांचं काम," ते म्हणाले. "आत्ता ध्यानात आलं. अब्बा सांगायचे, मारुतीच्या बापानं दिसभर डोकं खाल्लं. म्हणं वाटी जरा मागं घ्या, पायडल मारताना पायाला लागतीया. म्हणं चाप एका हातानं सुटला पायजे. अब्बा वैतागले. काठी काय पळून जाणार हाय का?"

"काठी एका हातानं झटकन काढायची घाई कुणालाच नसते," सुहास म्हणाला. "बंदूक काढायची असते. ज्यानं बंदूक लावून सायकल चालवलीच नाही, त्याला हे सुचणार नाही. तात्या, तुमचे वडील खरं बोलत होते."

तात्या ओट्यावर बसले आणि टोपीनंच डोळे पुसले.

"मारुती, म्या लई हसलो रं," चाचा म्हणाले.

"व्हय. आता च्या पी."

चहावर भागलं नाही. नाचणीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा खाऊनच सुटका झाली. पैशांचं नाव काढलं तर तात्या रागावले, म्हणून जाणार असाल तर वेल्ह्यातून चहा-साखर घेऊन जा. आणि सायकल विकत मागू नका. सुहासनंही मागितली नाही, यावरून काय ते समजा.

घरी आल्यावर पडदे तसेच होते. सुहासच्या मित्रमंडळींना दाखवायला एकही दुर्मीळ सायकल मिळाली नव्हती, तरी तो दोन दिवस शीळ घालत होता. रविवारी तर दळणाचा डबा सायकलला बांधून निघाला. पीठ अर्धं रस्त्यात सांडलं, ते सोडा.

पुढच्या आठवड्यात चाचांचा फोन आला. तात्या सायकल घेऊन दुकानात बसले होते.

"ताई, त्या चापाला तेल घातलं आज, पैल्यांदाच," चाचा म्हणाले. "आन बाजारात सांगून ठिवलंय. सायकल पलटणीला जो हसंल, त्याचं पंक्चर माझ्या दुकानात निघणार न्हाई."