पाच हेल्मेटं आणि एक पिशवी

माझी धाकटी जाऊ मला आवडत नाही. तिच्या जिवावर बेतलं होतं त्या दिवशीही आवडत नव्हती, आजही नाही. संकटात मनं जुळतात म्हणे. जुळत असतील कुणाची.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, कोरडं ठणठणीत. मी गावची आशा. गरोदर बायांच्या घरी जायचं, रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायच्या, वहीत लिहायचं, वेळ आली की दवाखान्यात न्यायचं, हे माझं काम. जाऊ दुसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. ऐन उन्हाळ्यात तिनं सामाईक बोअरच्या मोटारीला कुलूप घातलं आणि माझं कांद्याचं रोप डोळ्यांदेखत जळालं. ते मी विसरलेली नाही.

तिला पाथर्डीत मुलगी झाली आणि रक्त थांबेना. तिथून नगरला पाठवलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सासूबाई आणि मी, मागून मोटारसायकलींवर घरातले पाच गडी. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तर हिमोग्लोबिन साडेपाच. म्हणाल्या, "दोन पिशव्या लागतील. पळा."

रक्तपेढी समोरच होती. खिडकीत एक पिकल्या केसांचा माणूस, तोंड कारल्यासारखं. म्हणाला, "या गटाच्या दोनच पिशव्या उरल्यात. एक घेऊन जा. दुसरीच्या बदल्यात एक माणूस द्या, गट कुठलाही चालेल."

मी मागं वळले. नवरा, दीर आणि तीन चुलत दीर. एकेक गडी असा, की उसाची मोळी एका हातानं ट्रॅक्टरवर फेकेल. प्रत्येकाच्या दंडात एकसारखं पांढरं हेल्मेट, त्यावर पुढाऱ्याचा हसरा फोटो.

"शेवटचं रक्त कधी दिलं?" खिडकीतल्यानं विचारलं.

दीर म्हणाला, "नऊ दिस झाले. सायबांच्या वाढदिवसाचं शिबिर हुतं ना."

"पाचही जणांनी?"

"पाचही. हेल्मेट देत हुते."

"मग तीन महिने तुमचा उपयोग नाही. बाजूला व्हा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या पाचांतल्या दोघांकडं स्वतःची मोटारसायकल नाही! एकाच्या घरी एक जास्तीचं आलंय, त्यात कोंबडी अंड्यावर बसलीय. मी तिथंच ओरडले, "डोक्यात काडीची अक्कल न्हाई आन वरून हेल्मेट घालायला निघाले! घरात बाई दिवसांत हाय, येवढं तरी ध्यानात ठेवायचं!" दीर रडायला लागला. रड म्हणावं. बायको मरायला टेकल्यावर रडायला काय लागतं?

खिडकीतल्याचीही जीभ सुटली. "मी नोकरीला लागलो तेव्हा काचेच्या बाटल्या होत्या, आणि स्टँडवर रक्त विकून दारू पिणारी माणसं. ते बंद झालं, बरं झालं. पिशव्या आल्या, फ्रीज आले. आता तुम्ही एका दिवसात अख्खं गाव रिकामं करता. अहो, रक्त महिना-सव्वा महिना टिकतं, ते काय लोणचं आहे? आणि गेलं कुठं ते? ज्या खासगी रक्तपेढीनं हेल्मेटं पुरवली, तिच्या गाडीतून परजिल्ह्यात."

"माझं घ्या," मी म्हणाले.

शिबिरात बायांना कुणी विचारलंच नव्हतं. बायांना हेल्मेट काय करायचंय!

नवरा म्हणाला, "तुला झेपायचं न्हाई."

"तुमी सांबाळा हेल्मेट," मी म्हणाले आणि आत गेले.

आतल्या पोरीनं बोट टोचलं आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. तरंगला तर रक्त हलकं, बुडाला तर चालतं. माझा थेंब तळाला गेला. ती म्हणाली, "अरे वा ताई! गावाकडच्या बायकांचं सहसा तरंगतं. गोळ्या घेता वाटतं?"

मी खाटेवर पडले, दंडाला पट्टा बांधला, पिशवी भरू लागली. कुणाच्या होत्या त्या गोळ्या, हे मला ठाऊक होतं. जावेच्या. मी पाकीट तिच्या ओट्यावर टाकून यायचे, आणि माझ्या हातचं नको म्हणून ती ते माझ्या अंगणात भिरकावायची. दुसऱ्या कुणाच्या हातानं पाठवायला काय झालं होतं मला? नाही पाठवल्या. नको तर मर, म्हणाले. वाया कशाला घालवायच्या म्हणून रोज जेवल्यावर एक मीच खाल्ली. आणि वहीत लिहिलं, दिल्या, घेतल्या.

दुपारी जावेला दुसरी पिशवी लागली. रक्त थांबलं, तोंडावर जरा रंग आला. डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इतकं कमी कसं होऊ दिलंत? गोळ्या मिळाल्या नव्हत्या?"

सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आवो, आमची थोरली आशाच हाय. तिनं दिल्याच आस्त्याल. आन आज रगत बी तिनंच दिलं. देवमानूस हाय."

ते 'देवमाणूस' मला सोसलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, वहीतल्या खोट्यासकट. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. जाऊ डोळे मिटून पडली होती. न उघडताच म्हणाली, "ताई, माज्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

"येनार," मी म्हणाले. "पोरीचं वजन करायचंय."

"या. कुत्रं सोडते."

घरी आल्यावर मी गेले. तिनं खरंच कुत्रं सोडलं. त्याला हाकलून पोरीचं वजन केलं, दोन किलो चारशे. मग पाकीट काढलं, एक गोळी तिच्या हातावर ठेवली आणि समोर ठाण मांडून बसले. "गिळ. त्याबिगर मी हालत न्हाई."

तिनं मला, माझ्या आईबापाला, माझ्या नोकरीला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या, त्या माझ्याच होत्या. मग तिनं गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि माझ्याकडं बघून मुळापासून शेंड्यापर्यंत सगळी जीभ बाहेर काढली, वेडावून.

मी तिच्या तोंडात नीट वाकून बघितलं. रिकामं होतं. मग वहीत लिहिलं, घेतली.