भिंतीवरची आठ अक्षरे

चूक माझी होती, हे आधीच लिहितो. २०१६च्या लग्नसराईत तलासरी हद्दीत घडलेली ती घटना आजही आठवते आणि मान खाली जाते.

गुजरातची हद्द जवळ. तिकडे दारूबंदी, त्यामुळे आमच्या पोलीस ठाण्यात निम्मे गुन्हे चोरट्या दारूचे. खुणा, सांकेतिक चिठ्ठ्या यांची सवय झाली होती. एका सकाळी खबऱ्याने सांगितले, वेवजीकडच्या एका पाड्यावर वारली चित्रकाराच्या भिंतीवर इंग्रजीत काहीतरी गुपित लिहिले आहे आणि तो फोनवर कोणाला तरी एकेक अक्षर सांगत असतो.

मी दोन पंच घेऊन गेलो. दारात मांडव होता. आतल्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, ज्याच्यापुढे लग्न लागते ते देवीचे चौकोनी चित्र, काढलेला. त्याच्या खालच्या कोपऱ्यात, त्याच पिठाने, आठ इंग्रजी अक्षरे.

"हे काय?" मी चित्रकाराला विचारले.

"साहेब, ता बँकेचा नाव हाय. परदेशातली बाय चित्रांचे पैसे धाडणार, तिला सांगायचा."

"मग कागदावर का नाही?"

"कागद वाळवी खाते."

मी पासबुक मागितले. त्यावरचा बँकेचा कोड अकरा जागांचा, मधे शून्य, पुढे आकडे. भिंतीवर आठच अक्षरे, आकडा एकही नाही. खोटे पकडले, असे मला वाटले. पुरावा पुसला जाईल म्हणून शिपायाला तेवढा तुकडा काढायला सांगितला. कुडाची भिंत ती. पहार लागताच तडा वर गेला आणि अर्धा चौक खाली आला. बायकांचे गाणे थांबले. दुसऱ्या दिवशी चित्रकाराच्या मुलीचे लग्न होते.

त्याला जीपमध्ये घालून ठाण्यात आणले. चार तास एकच प्रश्न चालला होता: माल कुठे उतरतो? त्याचे उत्तरही एकच. आमचे हवालदार म्हणाले, "पुढच्या वेळी शेजारी बाटली काढ रे, आम्हाला सोपं जाईल." सगळे हसले. मीही हसलो. मागोमाग येऊन ठाण्याच्या दारात बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईने टेबलावरचा सीलबंद तुकडा पाहिला.

"भिंतीला पण धरून आणली?" ती म्हणाली. "आता तिला मारशील का, बाबा?"

दुपारी गुन्हा पक्का करायला डहाणूला त्याच्या बँकेत गेलो. भिंतीवरच्या अक्षरांचा मी काढलेला फोटो पाहून व्यवस्थापक गोंधळले.

"साहेब, पासबुकातला कोड देशातल्या देशात चालतो. परदेशातून पैसे यायचे तर हा लागतो. पहिली चार अक्षरे आमच्या बँकेची, पुढची दोन भारताची, शेवटची दोन मुंबईची. आमच्या शाखेला असा वेगळा कोड नाही. पैसे आधी मुंबईला येतात, मग इथे त्याच्या खात्यात." आणि मग म्हणाले, "मीच लिहून दिला त्याला. काय केलं त्याने?"

पासबुकावर याच शाखेचा शिक्का होता. सकाळी मी तो वाचलाही होता. एक फोन केला असता तर पुरे होते.

संध्याकाळच्या आत त्याला सोडले. स्टेशन डायरीत 'चौकशीअंती सोडले' एवढीच नोंद केली. त्याला म्हणालो, "जा, घरी लग्न आहे ना." माफी मागितली नाही. वर्दीत तो शब्द तोंडातून निघाला नाही. लग्न अर्ध्या चौकापुढे लागले, हे नंतर कळले.

समोरचा माणूस खोटे बोलतो, हे आमच्या नोकरीत लवकर शिकायला मिळते. मला जे ठाऊक नाही तेही खरे असू शकते, हे शिकायला मला एका घराची भिंत फोडावी लागली.

निवृत्त झाल्यावर त्या पाड्यावर गेलो. भिंत नव्याने लिंपलेली होती. मुलगी माहेरी आली होती, कडेवर मूल. चित्रकाराने खाट पुढे केली. "बसा साहेब. पैसे तवाच आले."

मी बसलो नाही. शेजारपाजारचे गोळा झाले होते. त्याला जीपमध्ये घातले तेव्हाही ते सगळे असेच उभे होते. त्यांच्यासमोर हात जोडून मी मुलीला म्हणालो, "पोरी, तुझ्या लग्नाचा चौक मी फोडला. तुझा बाप खरं बोलत होता. माझं चुकलं. मला माफ कर."