आंटीची अबेना

आंटीनं चष्मा काढून खांद्यावरच्या रंगीत कापडानं पुसायला घेतला, की समजावं, आता नकार येणार. तिचा आवाज चढायचा नाही, पण नकार बदलायचाही नाही.

आंटी घानाची. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या विद्यापीठात ती आफ्रिकन बायकांच्या कथांवर संशोधन करायची आणि स्वतःही कथा लिहायची. ह्यांच्या नोकरीमुळे मीही त्याच गावात होते. ग्रंथालयात आमची ओळख झाली तेव्हा तिनं विचारलं, "आईनं ठेवलेलं नाव काय तुझं?" मी चाचरत 'सुलभा' म्हटलं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'अनुराधा' लिहिलं, तेव्हापासून माझं माहेरचं नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. आंटी मात्र मला सुलभाच म्हणायची. "आमच्याकडे बाई मुलाच्या नावानं ओळखली जाते. तुमच्याकडे निदान नवं नाव तरी देतात!" असं म्हणून खो खो हसायची.

तिच्या कथेतली बाई गावाला फक्त 'कोफीची आई' म्हणून ठाऊक. शेवटी ती सासरच्या भर बैठकीत सांगते, "मी अबेना. हाक मारायची तर अशी मारा." फ्रँकफर्टचा एक संपादक आंटीच्या कथांचं पुस्तक काढणार होता, पण त्याला शेवट बदलून हवा होता. अबेनानं म्हणे युरोपात पळून यावं. माझं तर डोकंच फिरलं. आमची कीव केल्याशिवाय ह्या गोऱ्यांना पुस्तक पचत नाही की काय!

आंटीनं मुकाट्यानं नवा शेवट लिहिला. एका पुस्तकांच्या दुकानात वाचन ठरलं, ते झालं की करारावर सही. संपादक पहिल्या रांगेत होता. शेवटचं पान आलं आणि आंटी थांबली. तिनं चष्मा काढला. वाच गं बाई, पुस्तक तरी निघेल, असं मी मनात म्हणत होते. तिनं पान पालथं घातलं आणि न बघता म्हणाली, "मी अबेना..."

संपादक कोट उचलून निघून गेला. टाळ्या पडल्या, पुस्तक मात्र गेलं.

ट्राममध्ये ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "नाव जिथं हरवलं, तिथंच परत मागायचं असतं. गेनाऊ? बरोबर ना?" मी मान हलवली. पुढे संशोधन संपवून ती घानात, कुमासीला परतली. तिची फार आठवण यायची.

एका रविवारी घरी फोन वाजला. ह्यांनी उचलला आणि लगेच ठेवून दिला.

"कोण होतं?"

"राँग नंबर. लांबून बोलत होती बाई. कुणी सुलभा हवी होती तिला."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. ह्यांचा हात पुढे झाला.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "सुलभा मीच."