भिंतीला टेकून बसा

आक्का गेल्याची तार मला लोणखेड्यात मिळाली तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. तार नंदुरबार स्टेशनातून आली होती, आमच्या भाऊजींनी, म्हणजे आक्काच्या यजमानांनी, स्वतःच्या हाताने पाठवलेली. ते तिथले तारमास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या पाठवणाऱ्या माणसाने ही कशी पाठवली असेल... आज दीड महिना झाला तरी तो विचार माझी पाठ सोडत नाही.

आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही. म्हणून आक्का आणि भाऊजी कोरीटला आमच्या आईजवळच राहत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी आल्या की ओसरीच्या आढ्याला झोका बांधायचा आणि पहिलं गाणं आक्काने उचलायचं, हे ठरलेलं. तिचा आवाज पार शिवारात ऐकू जाई. मी गायला लागले तर म्हैस दावं तोडते, असं आई म्हणे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. पण तिशीच्या आतच आक्काच्या गळ्याला गाठ झाली. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज. पुढच्या दोन आखाज्यांना ती चुलीपुढून उठलीच नाही. पोळ्या भाजायला कोणीतरी हवं ना, म्हणायची.

भाऊजींना रेडिओचा नाद. कुठल्याशा मासिकात त्यांना हात न लावता वाजणाऱ्या एका वाद्याचा नकाशा सापडला. थेरेमिन त्याचं नाव. मुंबईहून व्हॉल्व्ह मागवून, महिनोन्‌महिने खपून त्यांनी ते बनवलं. एक लाकडी पेटी, उजवीकडे उभी सळई, डावीकडे तारेचं कडं. उजवा हात सळईजवळ नेला की सूर चढतो, डावा कड्याजवळ नेला की आवाज बारीक होतो. बोटांखाली काही नाही, नुसती हवा. आईने तिचं नाव ‘वाऱ्याची पेटी’ ठेवलं. भाऊजींना स्वतःला सुराचा गंध नव्हता. त्यांनी ती बनवली आक्कासाठी.

शिकवणारं पंचक्रोशीत कोण असणार? दुपारी कामं आटोपली की आक्का माजघरात पेटीपुढे उभी राही. काल जिथे सा सापडला तिथे आज नुसतं केकाटणं. शेजारच्या सखूमामी दारातून विचारत, "घरमा बोकड्या कापी ऱ्हायनात का वं?" मीही हसले. "आक्का, हाई सोडी दे," असं तिला तोंडावर म्हणाले, त्याची मला अजून लाज वाटते. तिने मानसुद्धा हलवली नाही, कारण मान हलली तरी सूर हलत होता. तिने कोळशाने जमिनीवर दोन पावलं आखली होती आणि त्यातच ती खांबासारखी उभी राही. घर सारवलं की पुन्हा आखायची. जवळून कोणी गेलं तरी सूर सरके, म्हणून येईल त्याला तिचं एकच सांगणं, "भितले टेकीसन बसा."

वर्षभराने माझी लग्नानंतरची पहिली आखाजी आली. भाऊजींनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पेटी ओसरीत आणली. झोका तिथेच बांधलाय, हे त्या हुशार माणसाच्या डोक्यातच आलं नाही. बायका भिंतीला टेकून बसल्या, मी झोक्यावर. आक्काने सूर धरला आणि मी पुढे आले तशी पेटी किंचाळली, मागे गेले तशी घोगरली. बायकांनी पदर तोंडाला लावले. आक्काचा चेहरा उतरला. आता ही पुन्हा चुलीपुढे जाणार आणि कधीच उठणार नाही, या भीतीने मी पाय टेकला, तशी आई गरजली, "आखाजीना दिन शे, झोका थांबाडू नको."

मी आक्काकडे पाहिलं. ती बराच वेळ दोराकडे बघत होती. मग कुजबुजली, "झुलत ऱ्हाय."

मी झुलले. मी जवळ आले की तिचा हात मागे सरे, लांब गेले की पुढे. दोन-चार झोके सगळा गोंधळच... आणि मग गाणं आलं. तेच, जे ती दर आखाजीला उचलायची. प्रत्येक झोक्याला त्यात एक कंप येई, तो तिच्या गळ्यात कधी नव्हता. गेलेला गळा हवेतून परत येताना मी पाहिलाय; याहून मोठं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दुसरी ओळ आईने एकटीने म्हटली, तिसरी साऱ्यांनी. मी गायले नाही. पण त्या सुरात माझंही वजन होतं.

त्यानंतर एकही आखाजी तिने चुकवली नाही. यंदा गाठ परत आली आणि या वेळी तिने आक्काला सोडलं नाही.

तार मिळाली तशी मी प्रकाश्याला तापी ओलांडून कोरीटला पोहोचले. माजघर बायकांनी भरलं होतं. पेटी जागेवर होती, बंद. बॅटरी भाऊजींनी आधीच काढून ठेवलेली. जमिनीवर कोळशाची दोन पावलं. आणि एवढी गर्दी असून पेटीभोवती कोणी बसलं नव्हतं. सखूमामींसह साऱ्या जणी भिंतीला टेकून होत्या, रडत होत्या तेही न हलता. आई समोरच्या भिंतीशी होती. मला तिच्या गळ्यात पडायचं होतं. मधून गेले असते तर चारच पावलं. मी भिंतीच्या कडेकडेने, सगळा वळसा घालून गेले.