चिंचेखालची रेघ

आधीच सांगते – मी फिजिक्स शिकवते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि 'भूत' हा शब्द मी आजही वापरणार नाही. हसायचं असेल तर खुशाल हसा.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी हैदराबादला पीएच.डी. करत होते. विषय – लेसरने हवेतले वायू मोजणं. कार्बन डायऑक्साइड हा वायू, आपण उच्छ्वासातून सोडतो तोच, लेसरचा ठरावीक प्रकाश शोषतो... वायू वाढला की यंत्राच्या कागदावरची रेघ वर चढते. इतकं साधं.

मोजणीसाठी आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरजवळ सुमनआत्याच्या शेतात गेले. कापूस निघालेला, झाडांच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटलेल्या. एप्रिलची टळटळीत दुपार, पान हलत नव्हतं. बांधावर लेसर, दहा पावलांवर चिंचेखाली आरसा. मध्ये कुणी नाही.

रेघ सरळ यायला हवी होती. ती वर-खाली होऊ लागली... दोन आखूड, एक लांब. पुन्हा दोन आखूड, एक लांब.

बॅटरी तपासली. आरसा पुसला. स्वतः लांब जाऊन उभी राहिले. आरसा चिंचेपासून बाजूला नेला – रेघ सरळ. परत चिंचेखाली ठेवला – पुन्हा तेच.

माझी ही हलवाहलव बांधावरून बघणारी आत्या भाकरी घेऊन जवळ आली. तिने कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"तुये आतोबा असाच दम घेत," ती हळूच म्हणाली.

आतोबा दम्याने जाऊन दोन वर्षं झाली होती. जेवण झालं की ते त्याच चिंचेला टेकून बसायचे.

"आत्या, यंत्र बिघडलं असेल."

"मंग तिकडं नेलं तवा काऊन नाई बिघडलं?"

मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर तिने मनगट धरलं. "राहू दे ना पोरी. कागद सरेपर्यंत बसू आपन."

बसलो. भाकरी तशीच राहिली.

हैदराबादला गाईड म्हणाले, "तो भाग गाळा. यंत्रातला दोष म्हणून लिहा." मी नकार दिला. प्रबंध वर्षभर अडकला, तरी ती पानं काढली नाहीत. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलंच, "याचं कारण काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण मोजणी बरोबर आहे."

कारण मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर कळवा, मी ऐकून घेईन. यंत्र बिघडलं होतं, एवढं मात्र मला सांगू नका... ते मी स्वतः तपासलंय.