सोयर फिटल्यावर

पाटलाच्या नातवाचं बारसं व्हतं. मी गोठ्याच्या कडंला, शेनाच्या पाटीजवळ उभी. माजी जागाच ती. ओसरीवर पाळना बांधलेला, बायकांची गानी चाललेली. गान्याच्या नादात पोराकडं कुनाचं ध्यान न्हवतं. नुकतंच पाजून ठेवलेलं पोर एकदम गप झालं. मला लांबूनच कळलं. आमा सुइनींना पोराच्या रडन्याचं भ्या न्हाई, गप व्हन्याचं भ्या. पळत वर गेले, पोर उचललं, पालथं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. नाकातनं दूध आलं आन् पोरानं टाहो फोडला.

"शिवलीस व्हय गं?" पाटलीन म्हनाली. तिचं पयलं बोलनं ते.

म्या म्हनलं, "पाटलीनबाई, पोराचा जीव चालला व्हता."

"दहा दिस सरले. आता तुजं काय काम हाय हितं? ठेव त्याला खाली."

माज्या हातातनं पोर कोनी घेईना. म्या त्याला भुईवर ठेवलं. मंग त्याच्या अंगावर गोमूत्र वतलं, वरनं गार पानी. बारा दिसांचा जीव, थरथरायला लागला. मला ओसरीवरनं लुगडं फेकलं, सुइनीचा मान म्हून. ते शेनाच्या पाटीत पडलं. आन् म्या ते उचललं. झटकलं, घडी घातली, घरी नेलं. हे सांगायची लाज वाटती. पन सांगितलंच पायजे.

ह्येच पोर पायाळू. दोन दिस अडलेलं. म्याच काढलं. बाळंतिनीला सोयर असतं तवर घरचं कोनी शिवत न्हाई, मंग आमी लागतो. नाळ कापायला आमी, न्हाऊ घालायला आमी, घान धुवायला आमी. दहा दिस मी पार माजघरात जायची, सुनंचं डोकं माज्या मांडीवर असायचं. अकराव्या दिशी घर सारवलं की मी पुन्यांदा म्हारीन. गरज सरो आन् वैद मरो.

माजा मालक लढाईवर गेला तो तिकडंच ऱ्हायला. घरात मी आन् सासू. गावची भाकर यायची. शिळी, पन ठरलेली. त्या ठरलेल्या भाकरीनं मला लय वर्सं बांधून ठेवलं.

बारशाला म्हैना झाला आसंल. लोनावळ्याच्या दवाखान्यातनं सांगावा आला, सुइनींना शिकवनार हाईत, राहायला खोली देनार, जेवान देनार. सासू म्हनाली, "फुकट कोन कुनाला शिकवतंय? बाटवत्याल तुला." मला बी तसंच वाटलं. दुधानं तोंड पोळल्यालं मानूस ताकबी फुंकून पितं. पन ते लुगडं मला अंगाला लाववंना. निघाले. कान्ह्याच्या टेसनापास्नं रुळाच्या कडंकडंनं चालत गेले. गाडीत बसले न्हाई. कोन कुटनं उठवंल, नेम न्हाई.

दवाखाना तुंगार्लीच्या वाटंला. डाक्तरीनबाई सुती लुगड्यातली, पुन्याकडची. बाकाकडं हात केला. "बसा, बाई."

बसा. मला. म्या मागं बघितलं, दुसरं कोन आलंय का. मंग भुईवर बसले. तिनं सोताच्या हातानं फुलपात्रात पानी आनलं. आन् म्या वाकून ओंजळ धरली. तिनं फुलपात्र पुढं केलेलं, माजी ओंजळ खाली. दोगी तशाच.

"भांडं हातात घ्या," ती म्हनाली.

घेतलं. वरनं पानी पेले, व्हट लागू दिला न्हाई.

मंग म्हनाली, "पायाळू मूल तुम्ही काढलं म्हणे. कसं काढलं?" आन् पेन्सील हातात घेतली. मला वाटलं, हां, ह्यो डाव हाय तर. आमचं कसब कागदावर उतरून घेनार आन् आमाला वाटंला लावनार.

म्या म्हनलं, "आदी तुमी शिकवा. मंग मी सांगीन."

ती हसली न्हाई, रागावली बी न्हाई. पेन्सील खाली ठेवली. "चालेल. उद्यापासून."

भाईर आले, पन गेले न्हाई. खिडकीच्या कडंला जांभळीआड उभी ऱ्हायले. मला बघायचंच व्हतं, त्या फुलपात्राचं काय करत्यात. दवाखान्यातली आया आली. पदरानं धरून उचललं, राखंनं तीनदा घासलं आन् भाईरच्या दगडावर येगळं पालथं घातलं. डाक्तरीनबाईला ठाव बी न्हाई.

बरूबर व्हता माजा वहीम. म्या वाट धरली. पाय आपसूक गावाकडं वळत व्हते. गावातला अपमान माह्यतीचा. कुटं उभं ऱ्हायचं, कोन कवा काय बोलंल, समदं पाठ. हितलं काय बी पाठ न्हाई. मानूस पाठ झालेल्या लाथंला बी सोडत न्हाई.

पन रस्त्यावर आल्यावर मला माजाच संशय आला. ह्या लोकांना म्या ओळखलं म्हून मी चाललीय, का गावात पळून जायला मला कायतरी निमित्त पायजे व्हतं? बराच येळ तितंच उभी ऱ्हायले. उत्तर कळत व्हतं, पन कबूल करवंना.

मागं फिरले. दगडावरचं फुलपात्र उचललं, आत गेले आन् फळीवरच्या सा-सात भांड्यांत सरमिसळ करून ठेवलं. आया बघतच ऱ्हायली.

"समदी भांडी बाटवलीस की गं."

"व्हय. आता यातलं माजं कंचं ते हुडका. आन् बाईंना सांगायचं तर सांगा. मी हितंच हाय."

आयानं सांगितलं का न्हाई, मला ठाव न्हाई. दुसऱ्या दिशी मी बाकावर बसले. नुसत्या कडंला, पन बाकावर.

चार म्हैन्यांनी सासू आली. पाटलाचा निरोप घिऊन. धाकटी सून दिस भरलेली, सुईन पायजे. आली न्हाईस तर म्हातारीची भाकर बंद.

म्या म्हनलं, "आत्याबाई, तुमी हितं ऱ्हावा. दोगींचं भागंल. आन् पाटलाला सांगा, सुनंला गाडीत घालून हितं आना. मी हाय. पन त्यांच्या दारात माजं पाऊल आता पडनार न्हाई."

"आन् न्हाई आनली तर? पोरगी अडली, मेली तर?"

ह्ये मला लागलं. त्या पोरीचा काय गुन्हा? तरी म्या सांगितलं, "मेली तर त्यांच्या हट्टापायी मरंल. मी भाकरीपायी वाकले न्हाई म्हून न्हाई."

सासू निरोप सांगून येते म्हून उठली. येईल का न्हाई, ह्याची मला खातरी न्हवती.

आतनं हाक आली. म्या हात धुतले. खाटंवर एक बामनाची बाई कळा देत व्हती. तिनं माज्याकडं बघितलं, माजं मनगट धरलं आन् ईचारलं, "तुम्ही कोण? जात काय तुमची?"

म्या म्हनलं, "सांगते. आन् सांगितल्यावर बी हात ह्योच लागंल. आता जोर लाव."