श्रावणातली अंडी

समोरच्या काकूंच्या कोंबड्या श्रावण पाळत नसत. काकू पाळत, काका तर फारच कडक पाळत, पण कोंबड्या आषाढात घालायच्या तेवढीच अंडी श्रावणातही घालत. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. वडील आणि समोरचे काका एकाच कारखान्यात, वेगवेगळ्या शॉपमध्ये सुपरवायझर. तळमजल्यावर समोरासमोर दोन दारं, मध्ये अरुंद पॅसेज, आणि मागे दोन्ही घरांची परसदारं. काकूंचं माहेर कुळगावचं, म्हणजे बदलापूरच. तिथून त्यांनी गावठी कोंबड्या आणल्या होत्या आणि मागे जाळीचं खुराडं करून घेतलं होतं. कॉलनीत कोंबड्या पाळायला परवानगी नव्हती, पण साहेब लोकांनाही गावठी अंडी आवडत, त्यामुळे कोणी काही बोलत नसे.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतलेली. आमच्या घरात श्रावण हा फक्त कॅलेंडरवरचा महिना. त्यामुळे श्रावण लागला की काकू मागच्या दारानं यायच्या आणि ओटीतली अंडी आईच्या टोपलीत ठेवायच्या. "ताई, आमच्याकडे आता चालायचं नाही. मुलीला करून घाला." आम्ही महिनाभर पोळा, भुर्जी, कालवण असं चापून खायचो. दिवाळीला त्यांच्या करंज्या यायच्या, त्याही खायचो. काकूंच्या करंज्या फार खुसखुशीत असत, हे मी रागातसुद्धा कबूल करत असे.

राग कशाचा, तेही सांगते. बुद्ध पौर्णिमेला आई खीर करायची आणि झाकलेलं पातेलं समोर द्यायची. काकू हसून घ्यायच्या, "कशाला त्रास घेतलात" म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पातेलं घासूनपुसून, आत मूठभर साखर घालून परत करायच्या. रिकामं भांडं परत करू नये, ही रीत त्यांनी कधी मोडली नाही. फक्त एका वर्षी संध्याकाळी मी आणि आई मागच्या खिडकीत उभ्या होतो, तेव्हा परसात फिरणारी गाय काकूंच्या दाराशी थांबली आणि काकूंनी पातेलं तिच्यापुढे ठेवलं. बदाम वगैरे घातलेली खीर होती. गाईनं पातेलं चाटून लख्ख केलं.

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "गाय तरी तृप्त झाली."

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा खीर पाठवली. मी भांडले. ती एवढंच म्हणाली, "खातील कधीतरी." तिला दुसरं काही नको होतं. तिच्या हातचं काहीतरी काकूंच्या तोंडात जावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि दहा-बारा वर्षं समोरासमोर राहून ती पुरी झाली नव्हती. चहा विचारला तरी काकूंचं उत्तर ठरलेलं असे, "आत्ताच घेतला हो."

मग आमच्याकडे फ्रिज आला. वडिलांनी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी दुकानदाराकडून सेकंडहँड घेतला. "साईं, बॉडी पुरानी है, मशीन एकदम टनाटन," असं म्हणून त्यानं तो टेम्पोत चढवून दिला. मशीन खरंच टनाटन होतं. फ्रीझर म्हणजे वरचा एक छोटा कप्पा, आत बर्फाचे दोन ट्रे. कॉलनीतल्या आमच्या रांगेतला तो पहिला फ्रिज, त्यामुळे सगळ्या रांगेचं बर्फ आमच्याकडे.

त्या वर्षी श्रावणात काकू अंडी घेऊन आल्या त्या जरा वेगळ्या बोलल्या. त्यांचा मुलगा उन्हाळ्यात कावीळ होऊन उठला होता आणि फार रोडावला होता. "ताई, ह्यांच्यापुढे श्रावणात अंडं करता येत नाही. पण गणपती झाले की पोराला रोज घालायचंय. तेव्हा नेमक्या मेल्या खुडूक होऊन बसतात, अंडीच घालत नाहीत. तुमच्या फ्रिजात ठेवली तर टिकतील का?"

आईनं लगेच हो म्हटलं. दाराच्या रॅकमध्ये मावली तेवढी ठेवली, उरलेली जशीच्या तशी फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी बर्फ काढायला गेले तर सगळी टरफलं तडकलेली, आणि पिवळा बलक ट्रेवर, जाळीवर, कप्प्याच्या भिंतीवर गोठून बसलेला. सुरीनं खरवडता खरवडता वडील म्हणाले, "उद्यापासून कोंबडीच ठेवा आत."

मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात जात होते. गृहविज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अंडी फोडून ठेवायची. पांढरं आणि बलक हलक्या हातानं एकजीव करायचं, फेस येऊ द्यायचा नाही, आणि चिमूटभर मीठ घालायचं. मीठ नसेल तर बलक डिंकासारखा चिवट होतो. मग ट्रेमध्ये ओतून गोठवायचं, वड्या पिशवीत भरायच्या. लागतील तेवढ्या आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायच्या आणि वितळल्या की लगेच शिजवायच्या. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. मी हे घरी येऊन इतक्या ऐटीत सांगितलं की वडिलांनी विचारलं, "परीक्षेत येणार आहे का?"

पद्धत मात्र जमली. एक दिवसाआड दुपारी काकू मागच्या दारानं यायच्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून अंडी फोडायच्या. ट्रेमधल्या वड्या निघाल्या की मी त्या दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांमध्ये भरून दोऱ्यानं तोंड बांधायची. पिवळ्याधमक, चौकोनी, छान दिसायच्या. काकूंचं आणि आईचं तेवढ्यात बोलणंही व्हायचं. कोणाच्या मुलीचं जमलं, पाणी किती वाजता आलं, असलंच.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की काकू वाडगा घरून आणतात. काटा घरून आणतात. ट्रेसुद्धा त्यांनी बाजारातून नवा आणून दिला होता. आणि कागदाच्या पुडीत मीठ. आमच्या डब्यातलं मीठ हातभर अंतरावर असायचं. म्हणजे त्या सगळ्या कारभारात आमचा फक्त गारवा होता.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "आई, मीठसुद्धा घरून आणतात."

"असू दे."

"काय असू दे?"

"तुझा आवाज. खाली असू दे."

श्रावण निम्म्याहून जास्त सरला असेल, आणि एका दुपारी कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. लाइट गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी दर तासाला फ्रिज उघडून बघायची आणि आई दर तासाला ओरडायची की उघडू नकोस, गारवा जातो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुधाच्या पिशव्यांमध्ये वड्या नव्हत्या, पिवळं पाणी होतं.

काकू आल्या. पिशवी हातात घेऊन दाबून बघितली. "लाइट आली की परत गोठेल ना?"

मी म्हटलं, "नाही काकू. आता आजच्या आज शिजवायला हवं."

काकूंचा चेहरा उतरला. पोरासाठी जमवलेलं सगळं होतं ते. पण बाई व्यवहारी. म्हणाल्या, "मग ताई, तुम्हीच खाऊन टाका. भुर्जी करा. वाया नको जायला."

यात काहीच गैर नव्हतं. दरवर्षी तसंच तर व्हायचं. मी कांदा घ्यायला उठलेसुद्धा. पण आई जागची हलली नाही.

"नाही वहिनी," ती म्हणाली. "यंदा आम्ही नाही खाणार."

"का हो?"

आई काही तावातावानं बोलली नाही. भाजी निवडत होती, ती निवडतच बोलली. "तुमची अंडी आम्ही इतकी वर्षं खाल्ली. करंज्या खाल्ल्या. आनंदानं खाल्ल्या. तुम्ही माझ्या घरात बसता, माझ्या फ्रिजात ठेवता आणि मीठ घरून आणता. माझी खीर गाय खाते, ते मी या खिडकीतून बघितलंय. मला वाईट वाटतं, वहिनी. दरवर्षी वाटतं. या वर्षी म्हटलं, सांगून टाकावं."

मी कांदा हातात घेऊन तशीच उभी. आईला इतकं लांबलचक बोलताना मी वडिलांशीसुद्धा ऐकलं नव्हतं. काकू मान खाली घालून त्या मिठाच्या पुडीची घडी घालत बसल्या. नाही म्हणाल्या नाहीत, तुमचा गैरसमज झालाय असंही म्हणाल्या नाहीत. एवढं मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगते.

मग म्हणाल्या, "चहा टाका, ताई."

आईनं भाजी बाजूला सारली आणि चहा टाकला. तिचे हात किती झपझप चालत होते, ते मला दिसत होतं. आलं किसलं, दूध घातलं, चांगला उकळून कपात गाळला आणि कप काकूंच्या हातात दिला. काकूंनी कप घेतला. मग डाव्या हातानं मागचं दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांना बोलू नका हां. उगाच घरात वादावादी."

आईनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, आणि तो कप त्यांच्या हातातून अलगद परत घेतला.

"मग राहू दे, वहिनी. लपून प्यायचा चहा मला नाही करता येत."

काकू उठून गेल्या. चहा आईनंच प्यायला, उभ्या उभ्या. संध्याकाळी लाइट आली. आईनं पिशव्यांची तोंडं सोडली आणि सगळी अंडी परसातल्या पपईच्या बुंध्याशी ओतली. अन्न टाकलेलं तिला कधी खपायचं नाही. ताटात भाताचं शीत राहिलं तरी ती बोलायची. ओतून झाल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

मी खूश होते. म्हटलं, बरं झालं, एकदाचं तोंडावर सांगितलं. पण आई खूश नव्हती. त्यानंतर काकू आल्याच नाहीत. मागे खुराड्यात कोंबड्यांचा कॉक-कॉक आवाज व्हायचा, म्हणजे अंडं घातलं, आणि आईचं लक्ष मागच्या कडीकडे जायचं. एकदा मांजरानं दार ढकललं तर ती लगबगीनं उठली. मी म्हटलं, "तू खरं तेच बोललीस ना?" ती म्हणाली, "खरंच बोलले. पण आता समोरचं दार कायमचं बंद झालं तर मी काय करू? मला भांडायचं नव्हतं गं. मला त्यांना चहा पाजायचा होता."

रविवार उजाडला. सकाळची वेळ, दोन्ही घरांची पुढची दारं वाऱ्याला सताड उघडी. समोरच्या खोलीत काका बनियनवर पेपर वाचत बसलेले आम्हाला दिसत होते, तसे आम्हीही त्यांना दिसत होतो. काकू आतून आल्या आणि काकांच्या पुढून पॅसेजमध्ये आल्या. पदरात अंडी होती. इतकी वर्षं त्या आमच्याकडे मागच्या दारानं यायच्या. त्या दिवशी पुढच्या दारानं आल्या, आणि स्वयंपाकघरात न जाता बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या खुर्चीत बसल्या. अंडी माझ्याकडे दिली.

"ताई, चहा टाका," त्या म्हणाल्या. समोर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्यांना बघितलं, आणि चहा टाकायला आत गेली. समोरचा पेपर खाली झाला होता. वडील नको तेवढ्या बारकाईनं नखं बघत होते. आईनं रोजच्याच कपबशीतून चहा आणला. पाहुण्यांचा सेट काढला नाही, आणि मला ते फार आवडलं.

काकूंनी कपबशी घेतली. त्यांनी एकदा समोर बघितलं. मग बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि प्यायल्या. पुन्हा ओतला, पुन्हा प्यायल्या. सगळा संपवला. समोरचा पेपर हळूहळू वर गेला. काका मात्र पुढेही कधी आमच्या घरात चहा प्यायले नाहीत, तेही सांगून टाकते.

काकूंनी कपबशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण चहा फारच अगोड करता तुम्ही."

आई म्हणाली, "आमच्याकडे असाच लागतो."

"मग उद्या माझ्यापुरता गोड करा."

त्या रात्री जेवताना आईनं वडिलांना ते सगळं पुन्हा सांगितलं, जसे काही ते तिथे नव्हतेच. "इतक्या वर्षांनी प्यायल्या, आणि म्हणे अगोड. आलं किसून घातलं होतं मी. एवढं केलं, आणि वर नावं ठेवतात." वडील म्हणाले, "मग उद्या नको करू." आई म्हणाली, "का नको? येणार आहेत त्या." आणि तिनं मला साखरेचा डबा बघायला सांगितलं.